कानोची मुलं, मामूची सही

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. इंजिनिअरिंग केलं आणि गेली दहा-बारा वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय. संयोजकांनी 'आरोग्य आणि आपला समाज' असा विषय दिला तेव्हा मी आधी नकोच म्हणालो होतो. मग मामूचा फोन आठवला आणि वाटलं, यावर बोलता येईल.

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या मामूला बरीच वर्षं डायबेटिस आहे. एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये तो तपासणीला जायचा. एक दिवस त्याचा फोन आला, "बेटा, ये लोग कहते हैं नयी दवा फ्री में देंगे. साइन कर दूं क्या?" मी म्हटलं, फोटो पाठव. व्हॉट्सअॅपवर सतरा पानांचे फोटो आले. कागद मराठीत होता, पण कसलं मराठी! 'यादृच्छिकीकरणोत्तर कालावधीत सहभागीने' वगैरे. मला तीनदा वाचूनही कळेना. मामू सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकला आहे. म्हणजे तो कागद त्याला समजावा म्हणून लिहिलेलाच नव्हता.

माझं पहिलं उत्तर होतं, "नको, सही करू नकोस, आपल्यावर प्रयोग करतायत." डोक्यात तेच आलं. तुमच्यातल्या अनेकांच्या डोक्यातही तेच आलं असतं. हे का येतं, त्याला काही आधार आहे का, आणि त्याचं काय करायचं, एवढंच आज बोलायचंय. मामूचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

आधी कानोला जाऊ. कानो हे उत्तर नायजेरियातलं मोठं शहर, बहुसंख्य मुसलमान, हौसा भाषा बोलणारं. १९९६ साली तिथे मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज येणाऱ्या आजाराची, भयंकर साथ आली. त्या वर्षी नायजेरियात एक लाखाहून जास्त लोकांना लागण झाली आणि दहा हजारांहून जास्त माणसं गेली. बहुतेक मुलं. कानोच्या संसर्गजन्य रोग रुग्णालयात जागा उरली नव्हती, अंगणात खाटा टाकलेल्या होत्या. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेचे लोक तिथे आधीपासून होते आणि क्लोरॅम्फेनिकॉल नावाचं जुनं, स्वस्त औषध फुकट देत होते.

त्याच आवारात अमेरिकेच्या फायझर कंपनीची टीम आली. त्यांच्याकडे ट्रोव्हाफ्लॉक्सॅसिन, बाजारातलं नाव ट्रोव्हॅन, हे नवं अँटिबायोटिक होतं. ते तेव्हा बाजारात आलेलं नव्हतं. रांगेतली साधारण दोनशे मुलं त्यांनी निवडली. निम्म्यांना ट्रोव्हॅन दिलं, निम्म्यांना सेफ्ट्रायअॅक्सोन हे प्रचलित इंजेक्शन. अकरा मुलं गेली. पाच ट्रोव्हॅनच्या गटातली, सहा दुसऱ्या गटातली. काही मुलं बहिरी झाली, काही आंधळी, काहींचे हातपाय लुळे पडले. कंपनीचं म्हणणं असं की हे आजारामुळे झालं, आणि आमच्या चाचणीतलं मृत्यूचं प्रमाण त्या साथीतल्या एकूण प्रमाणापेक्षा कमीच होतं. मेनिंजायटिसमध्ये बहिरेपण येतं हे खरं आहे. उलट बाजूचा आरोप असा की दुसऱ्या गटाला इंजेक्शनची मात्रा मुद्दाम कमी दिली, म्हणजे नवं औषध तुलनेत चांगलं दिसेल. कंपनीने हा आरोपही फेटाळला. तेवढी मात्रा पुरेशी होती असं तिचं म्हणणं.

औषध वाईट होतं की चांगलं, हा वाद मी इथे सोडवणार नाही. मला खटकतं ते पुढचं आहे.

आईबापांचं म्हणणं होतं की हा प्रयोग आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. त्याच आवारात दुसरीकडे माहितीतलं औषध फुकट मिळतंय, तिकडे जाता येईल, हेही नाही. कंपनी म्हणाली, आमच्या नर्सनी हौसात तोंडी समजावून सांगितलं. सह्या केलेले कागद नव्हते. तापाने फणफणलेलं पोर मांडीवर आहे, गोरा डॉक्टर समोर उभा आहे, हातात औषध आहे. अशा वेळी कोणता बाप विचारेल की साहेब, हे औषध आधी कुणाला दिलं होतं?

२००० सालच्या डिसेंबरमध्ये वॉशिंग्टन पोस्ट या अमेरिकन वर्तमानपत्राने हे सगळं बाहेर काढलं. त्यात एका दहा वर्षांच्या मुलीची गोष्ट होती. कंपनीच्या नोंदींत तिला नाव नाही, क्रमांक आहे. तिला ट्रोव्हॅन दिलं जात होतं, तब्येत ढासळत गेली, औषध बदललं नाही, तिसऱ्या दिवशी ती गेली.

आणि त्या बातम्यांत एक पत्र होतं. कानोच्या अमिनू कानो टीचिंग हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीने या चाचणीला मंजुरी दिली आहे, असं सांगणारं. तारीख २८ मार्च १९९६. कंपनी परवानगीचा पुरावा म्हणून हेच पत्र दाखवत होती. तपासात निघालं की त्या तारखेला त्या हॉस्पिटलमध्ये एथिक्स कमिटी नावाचं काही अस्तित्वातच नव्हतं. पत्र नंतर तयार करून त्यावर मागची तारीख टाकली होती. आमच्या धंद्यात कुणी मागच्या तारखेचा लॉग तयार केला तर त्याची नोकरी जाते, आणि तिथे फक्त एखाद्या वेबसाइटच्या पेमेंट पानाचा प्रश्न असतो.

नायजेरियाच्या सरकारने समिती नेमली. तिने २००१ मध्ये अहवाल दिला, की ही नोंदणी न झालेल्या औषधाची बेकायदा चाचणी होती. तो अहवाल सरकारनेच दाबून ठेवला. २००६ मध्ये फुटला तेव्हा लोकांना कळलं. म्हणजे फक्त परदेशी कंपनीला शिव्या देऊन भागत नाही. स्वतःच्याच सरकारने स्वतःच्या मुलांचा कागद पाच वर्षं कपाटात ठेवला.

कानोतली कुटुंबं २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात गेली. केस फेटाळली, अपील केलं, पुन्हा फेटाळली. जानेवारी २००९ मध्ये अपील कोर्टाने एक महत्त्वाची गोष्ट मान्य केली: माणसाच्या संमतीशिवाय त्याच्यावर वैद्यकीय प्रयोग करणं हे आंतरराष्ट्रीय कायद्याचंच उल्लंघन आहे आणि त्यासाठी अमेरिकेत दावा चालू शकतो. त्याच वर्षी कानो राज्याशी कंपनीने ७.५ कोटी डॉलरची तडजोड केली, चूक कबूल न करता. २०११ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या चार कुटुंबांना प्रत्येकी १ लाख ७५ हजार डॉलर मिळाले. पंधरा वर्षांनी. आणि त्याआधी मूल त्यांचंच होतं हे ठरवायला डीएनए चाचणी. बरं, ट्रोव्हॅनचं काय झालं? अमेरिकेत ते १९९७ च्या शेवटी प्रौढांसाठी मंजूर झालं, लहान मुलांसाठी कधीच नाही. १९९९ मध्ये यकृत निकामी होऊन मृत्यू झाल्याचं पुढे आलं आणि वापरावर कडक बंधनं आली. युरोपने ते बाजारातूनच काढलं.

इथपर्यंतची गोष्ट सांगितली की आपल्या सभांमध्ये लोक माना डोलवतात. "बघा, आम्ही म्हणतच होतो." म्हणून पुढची गोष्ट सांगणं मला जास्त गरजेचं वाटतं.

२००३ मध्ये कानो आणि उत्तर नायजेरियाच्या काही राज्यांनी पोलिओचे डोस थांबवले. या लशीने मुली वांझ होतात, मुसलमानांची संख्या कमी करण्याचा हा डाव आहे, असं सांगितलं गेलं. सांगणाऱ्यांमध्ये नुसते अडाणी लोक नव्हते, त्यांच्या शरिया कौन्सिलचे अध्यक्ष स्वतः डॉक्टर होते. लोकांनी विश्वास ठेवला, कारण ट्रोव्हॅन त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. त्या कंपनीने आमच्या पोरांवर प्रयोग केला, मग या थेंबांत काय असेल कुणास ठाऊक! कानोने तब्बल अकरा महिने डोस बंद ठेवले. नायजेरियात २००२ मध्ये पोलिओच्या २०२ केसेस होत्या, २००४ मध्ये ७८२ झाल्या. तिथला विषाणू वीसेक देशांत पोचला. सुदानला गेला, सौदीत सापडला, येमेनमध्ये चारशेहून जास्त मुलं लुळी पडली, इंडोनेशियात तीनशेहून जास्त. शेवटी कानोचं समाधान कशाने झालं? मुसलमानबहुल देशात बनलेली लस आणली म्हणून. तो देश कोणता, तर इंडोनेशिया. आणि वर्षभरात कानोकडचाच विषाणू इंडोनेशियातल्या मुलांना पांगळं करत होता. लुळी पडलेली ती पोरं बहुतेक मुसलमानांचीच होती, हे वेगळं सांगायला नको.

त्या बापांना मी दोष देऊ शकत नाही. पण पांगळ्या झालेल्या मुलाला या कारणमीमांसेचा काय उपयोग? त्यांचा संशय खरा होता, फक्त तो चुकीच्या बाटलीवर जाऊन बसला.

हे आपल्यालाही लागू आहे. 'दो बूंद'वाल्या ताई दारात आल्या की मोहल्ल्यात काय काय बोललं जायचं, ते तुमच्या अम्मी-खाला सांगतील. मालेगाव, भिवंडीपासून पश्चिम उत्तर प्रदेशपर्यंत तीच वांझपणाची अफवा, जणू कानोहून पोस्टाने आली होती. ती मोडायला मस्जिदीतून आवाहनं करावी लागली, अलीगढ आणि जामियाची माणसं घरोघर गेली, आणि २०११ नंतर देशात मूळ (वाइल्ड) विषाणूच्या पोलिओची केस झाली नाही. पण २०२२ च्या अखेरीला गोवर आला तेव्हा बातम्यांत गावं कोणती होती? गोवंडी, भिवंडी, मालेगाव. त्याला फक्त अफवा जबाबदार होती असं मी म्हणत नाही. कोविडमध्ये लसीकरण रखडलं होतं, गोवंडीत दवाखाने किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. पण अफवाही होतीच.

दुसरा भाग. खलनायक सरळ दिसतो तेव्हा बोलणं सोपं जातं. आता एक अवघड उदाहरण घेऊ, आपल्या जवळचं.

उस्मानाबाद जिल्ह्यात, आताचं धाराशिव, २००० च्या आसपास एक मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संस्था यांनी मिळून केलेला. प्रश्न असा: गर्भाशयमुखाचा कॅन्सर लवकर ओळखायला कोणती तपासणी गावात चालेल? ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार बायका, गावागावांचे चार गट. तीन गटांना वेगवेगळी तपासणी. चौथ्या गटातल्या ३१ हजार बायकांची तपासणी नाही, नुसती माहिती दिली. आठ वर्षं लक्ष ठेवलं. एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने ३४ बायका गेल्या, तपासणी न झालेल्या गटात ६४.

मुंबईतही तसंच. १९९८ पासून झोपडपट्ट्यांमधल्या दीड लाख बायका, निम्म्यांना दर दोन वर्षांनी साधी व्हिनेगर लावून तपासणी, निम्म्यांना नाही. पहिल्या गटात ६७ मृत्यू, दुसऱ्यात ९८.

हे करणारे डॉक्टर चांगले होते, हेतू चांगला होता, निष्कर्ष जगाच्या उपयोगाचा निघाला. दहावी-बारावी शिकलेली बाई थोड्या प्रशिक्षणाने ही तपासणी करू शकते आणि जीव वाचतात, हे मुंबईने दाखवलं. तरी जगभर वाद झाला. टीकाकार म्हणाले, पॅप तपासणीने हा कॅन्सर आधीच ओळखता येतो हे श्रीमंत देशांना कित्येक दशकं माहीत आहे. मग हजारो बायकांना काहीच न देता किती मरतात ते मोजत बसायचं? मुंबईच्या अभ्यासातली संमती अपुरी होती, असं अमेरिकेच्या सरकारी कार्यालयानेही म्हटलं. संशोधकांचं उत्तर असं की भारतात या बायकांना तसंही काही मिळत नव्हतं. आम्ही त्यांच्याकडून काही काढून घेतलेलं नाही.

हा युक्तिवाद नीट ऐका, कारण गरीब देशांतल्या संशोधनावरचा निम्मा वाद याच वाक्याभोवती फिरतो. १९९७ मध्ये एड्सच्या बाबतीत हेच झालं. आईकडून बाळाला होणारी लागण एझेडटी या औषधाने दोन तृतीयांशाने कमी होते हे १९९४ मध्ये सिद्ध झालं होतं. तरी आफ्रिका-आशियातल्या चाचण्यांमध्ये हजारो गरोदर बायकांना प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी, देण्यात आली. अमेरिकेत कुणी ते केलं नसतं. सांगितलं काय गेलं? तिथे एझेडटी परवडतच नाही, स्वस्त आणि थोड्या दिवसांचा कोर्स चालतो का हे बघायचंय. थायलंडमध्ये तो चालतो हे कळलं, आणि त्याने पुढे असंख्य बाळं वाचली. त्यामुळे मी सरसकट 'हे पाप होतं' म्हणणार नाही. पण 'त्यांना तसंही काही मिळत नव्हतं' हे कारण मला पटत नाही. का मिळत नव्हतं? कुणी दिलं नाही म्हणून. आधी न द्यायचं, आणि दिलं नव्हतं याच आधारावर आणखी आठ वर्षं न द्यायचं.

शिवाय बदल्यात काय मिळालं ते बघा. जागतिक वैद्यकीय संघटनेची हेलसिंकी घोषणा आहे, १९६४ ची, डॉक्टरांनी माणसांवर संशोधन करताना काय पाळायचं ते सांगणारी. ज्या समाजावर संशोधन होतं त्याला त्याचा फायदा मिळाला पाहिजे, असं तिच्या नंतरच्या आवृत्त्यांमध्ये आलं. आता आपल्याच सरकारचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१ चं, काय सांगतं? ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या दोन टक्केसुद्धा नाहीत. धाराशिवच्या बायकांनी आठ वर्षं दिली. त्या माहितीवर इतर देशांनी मार्गदर्शक सूत्रं लिहिली. तुमच्या घरातल्या किती जणींची तपासणी झाली आहे? संध्याकाळी फोन करून विचारा. मी विचारलं होतं, माझ्या घरात उत्तर शून्य होतं.

आता संमती. याबाबतीत आपण मुसलमान मंडळी जगाला शिकवू शकतो, कारण आपल्या निकाहातच ती आहे. वकील आणि दोन गवाह मुलीकडे जातात, कुणाशी, किती मेहरवर, हे सांगून तिची इजाजत विचारतात, आणि मग बाहेर येऊन निकाह पढवला जातो. आधी विचारायचं, पूर्ण माहिती देऊन विचारायचं, साक्षीदारासमोर विचारायचं. संमतीपत्राचे सगळे नियम यात आले. पण प्रत्यक्षात काय होतं तेही आपण पाहिलेलं आहे. खोलीत पंचवीस बायका, मुलगी मान खाली घालून रडतेय, कुणीतरी खाला म्हणते "हां बोली, हां बोली", आणि गवाह निघाले. मुलगी गप्प राहिली म्हणजे हो. कागदावर सही आहे, गवाह आहेत, आणि मुलीला कुणी विचारलेलंच नाही.

२००९ मध्ये आंध्रच्या खम्मम आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यांत असंच झालं. पाथ ही अमेरिकन संस्था, आयसीएमआर आणि राज्य सरकारं यांनी १० ते १४ वयाच्या सुमारे चोवीस हजार मुलींना एचपीव्ही लस दिली. कितीतरी मुली आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. सात मुली दगावल्या, म्हणून २०१० मध्ये प्रकल्प थांबला. चौकशीत या मृत्यूंचा लशीशी संबंध दिसला नाही. कुणी विहिरीत बुडालेली, कुणाला साप चावलेला. पण कागद तपासले तेव्हा आंध्रमधल्या ९,५४३ फॉर्मपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनची सही होती. १,९४८ वर अंगठे होते. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मध्ये यावर कडक अहवाल लिहिला. मुलींच्या आईबापांऐवजी वॉर्डनच 'हां बोली' म्हणाला होता. आणि वाईट हे की लस चांगली आहे. आज पुण्याचीच सीरम कंपनी ती बनवते, आपल्या मुलींना ती मिळायला हवी. पण अशा पद्धतीने दिली की दहा वर्षं लोक तिच्या नावानेच दचकतात. कानोत झालं तेच.

थोडं कायद्याबद्दल, भरभर. २००५ मध्ये आपल्याकडे नियम सैल झाले, परदेशातल्या टप्प्यासोबतच इथे चाचणी घेता येऊ लागली, आणि कंपन्यांची रीघ लागली. स्वस्त, गर्दीची सरकारी हॉस्पिटलं, आधी कुठलंच औषध न घेतलेले रुग्ण, इंग्रजी येणारे डॉक्टर. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका केली. त्यात सरकारने दिलेला आकडा असा: २००५ ते २०१२ दरम्यान नव्या औषधांच्या चाचण्यांमध्ये २,६४४ मृत्यू, त्यातले ८० चाचणीमुळे झाल्याचं मान्य. बाकीचे सगळे चाचणीने मेले असं नाही, कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातले रुग्णही त्यात असतात. पण कुणी आणि कसं ठरवलं, हा प्रश्न उरतोच. कोर्टाने दट्ट्या दिला, आणि एथिक्स कमिट्यांची नोंदणी, नुकसानभरपाई, संमती घेतानाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग हे सगळं आलं. पुढे २०१५ मध्ये रेकॉर्डिंगची सक्ती आकसली. आता ती नव्या रसायनांच्या चाचणीत, दुर्बल गटातल्या सहभागींपुरती आहे.

सध्या २०१९ चे नियम लागू आहेत. एथिक्स कमिटीत किमान सात माणसं, त्यातली निम्मी बाहेरची, त्यात एक बाई आणि एक सामान्य नागरिक असलाच पाहिजे. संमतीपत्र समजेल अशा भाषेत हवं, वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार हवा, आणि त्याची प्रत तुमच्या हातात द्यावी लागते. मध्येच सोडून जायचा हक्क आहे, त्याने नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई. भरपाईचं एक सूत्र आहे, पायाभूत रक्कम आठ लाख, मग वय आणि जोखीम यांनी गुणायचं. इंजिनिअर म्हणून मी ते सूत्र उघडून बघितलं आणि बरं वाटलं, कारण त्यात उत्पन्नाचा रकाना नाही. हमालाचा जीव आणि माझा जीव एकाच भावाने मोजलाय. असं आपल्या देशात फार ठिकाणी सापडत नाही.

त्याच नियमांत हेही आहे: भारतात शोधलेल्या औषधाच्या चाचणीचा अर्ज आला आणि तीस कामकाजाच्या दिवसांत सरकारने उत्तर दिलं नाही, तर परवानगी मिळाली असं समजायचं. गप्प राहिली म्हणजे हो.

आणि नियम असूनही काय होतं, तर कोविडमध्ये भोपाळच्या गॅसपीडित वस्त्यांतल्या लोकांनी सांगितलं की आम्हाला ७५० रुपये देऊन लस टोचली, ही चाचणी आहे हे कळलंच नाही. हॉस्पिटलने आणि कंपनीने ते नाकारलं. मी तिथे नव्हतो. पण ज्याचा रोज बुडाला तर चूल पेटत नाही, त्याच्यासाठी ७५० रुपये हेच वाचण्याजोगं पान असतं, बाकीची पानं कोण उलटणार?

मामूकडे येतो. मी 'नको' म्हणालो होतो. तो म्हणाला, "तूने पढ़ा क्या पूरा?" मी वाचलं नव्हतं. लाज वाटली. मग रात्री बसून वाचलं, प्रश्न लिहून काढले, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून त्याच्यासोबत गेलो. पहिले डॉक्टर वैतागले, म्हणाले, सगळे सही करतात, तुम्हालाच काय प्रॉब्लेम आहे. फॉर्मवर एथिक्स कमिटीचा नंबर होता, तो मी तिथेच उभा राहून लावला. कुणी उचलला नाही. पण नंबर लावला हे त्यांनी पाहिलं. थोड्या वेळाने एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या, आम्हाला बाजूच्या खोलीत बसवलं आणि पाऊण तास हिंदीत समजावलं. नवं औषध आधी कितीजणांना दिलंय. चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार की मामूला नवं मिळणार की जुनं. जुनं मिळालं तरी ते आताच्या उपचाराइतकं चांगलंच असेल, काहीच न देता ठेवणार नाही. साखर खाली गेली तर रात्री कुणाला फोन करायचा. औषध लागू पडलं तर चाचणी संपल्यावर ते मिळणार का. यावर त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, याची हमी नाही.

मला अजूनही नकोच वाटत होतं. मामूने दोन दिवस विचार केला, मामीशी बोलला, आणि सही केली. म्हणाला, कुणीतरी घेतलं म्हणूनच आजची इन्सुलिन मिळते ना. मी गप्प बसलो, निर्णय त्याचा होता. वर्षभर तो गेला, रक्त दिलं, वही भरली. तो बरा आहे. औषध बाजारात आलं तर त्याला परवडेल की नाही, माहीत नाही.

आता चहा आहे. चहानंतर लॅपटॉप प्रोजेक्टरला लावतो. सीटीआरआय म्हणून सरकारी नोंदवही आहे, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री. २००९ पासून औषधांची प्रत्येक चाचणी पहिला रुग्ण घेण्याआधी तिथे नोंदवावीच लागते, आणि ती कुणालाही बघता येते, लॉगिन लागत नाही. हॉस्पिटलचं नाव, डॉक्टरचं नाव, किती रुग्ण घेणार, पैसा कुणाचा, एथिक्स कमिटीने मंजुरी दिली का, सगळं असतं. इथे बसलेल्यांमध्ये मालेगाव, औरंगाबाद, सोलापूर, मिरज, रत्नागिरीचे लोक आहेत. प्रत्येकाने आपल्या शहरातलं एक हॉस्पिटल निवडा आणि तिथे आत्ता काय चाललंय ते शोधा. वेबसाइट हळू चालते, आणि शोधायचा रकाना फारच वाईट बनवलाय. त्याबद्दल आमच्या जमातीच्या वतीने मी माफी मागतो.